माझ्या बायकोच्या कादंबरीतला हैबती

हे लिहावं की नाही यावर आमच्याकडे बराच खल झाला. शेवटी बायकोच म्हणाली, "लिहा तुम्ही. मी लिहिलं तर लोक म्हणतील कथा आहे. तुम्ही लिहिलंत तर फार तर म्हणतील, माणसाचं डोकं फिरलंय." तेव्हा फिरलेल्या डोक्याने लिहितोय असं समजा.

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो. खोटं कशाला बोलू — हसायला वाचतो. कंपनीच्या बसमध्ये वेळ चांगला जातो. आमचं घर बौद्ध, आणि वडील या बाबतीत फार कडक. देवऋषी, अंगारा, उतारा... यातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. लहानपणी एका चिंचेच्या झाडाला मी घाबरायचो, तर त्यांनी मला भर दुपारी त्याच झाडाखाली नेऊन बसवलं. "काय दिसतंय?" मी म्हटलं, "मुंगळे." म्हणाले, "मग मुंगळ्यांना भी. ते खरंच चावतात."

पुढे नोकरीही तशीच मिळाली. पिरंगुटच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. तयार झालेला पार्ट मोजायचा, मापात असेल तर पुढे, नसेल तर बाजूला. आयुष्यभर हेच केलंय. पण हा एक अनुभव असा आहे की तो मला पुढेही ढकलता येत नाही आणि बाजूलाही टाकता येत नाही.

आम्ही राहतो माले गावात. पौड सोडून मुळशी धरणाकडे निघालात की रस्त्यावर लागतं ते. घर वडिलांचं, पुढे पडवी, मागे थोडी भातशेती. बायकोचं नाव प्रज्ञा, माहेर पिंपरीचं. एकुलता मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हा हिने मोबाइलवर गोष्टी लिहायला सुरुवात केली. ते ॲप असतं ना — रोज किंवा दिवसाआड एक भाग टाकायचा, लोक वाचतात, खाली कॉमेंट करतात — त्यावर. आधी सासू-सुनांच्या लिहिल्या. बऱ्या चालल्या. मग एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी टाइम ट्रॅव्हलची लव्हस्टोरी लिहिणार आहे."

मी म्हटलं, "आपल्याकडे कुठलं टाइम ट्रॅव्हल? आपल्याकडे एसटी वेळेवर येत नाही."

ती हसली नाही. तिचं ठरलं होतं.

गोष्ट अशी. हिंजवडीत नोकरी करणारी इरा नावाची मुलगी उन्हाळ्यात मुळशीच्या पाण्यावर फिरायला येते. आमच्याकडे राहणाऱ्यांना माहीत आहे, धरण झालं तेव्हा खाली गावं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातलं काहीबाही वर येतं — जोती, दगडी पायऱ्या, एखादी भिंत. इरा अशाच एका पायरीवर बसते आणि उठते ती शंभर वर्षं मागे. धरण अजून व्हायचंय, गाव जागेवर आहे. तिथे तिला भेटतो हैबती. म्हसरं राखणारा, डोंगरावरून लोणी घेऊन खाली येणारा माणूस.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तिसरा माणूस राहायला आला.

प्रज्ञाची लिहिण्याची पद्धत सांगतो, म्हणजे माझे हाल कळतील. सकाळी माझा डबा भरला की ती पडवीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसते आणि आधी सगळं तोंडाने बोलून बघते. दोघांचेही संवाद. इराचा आवाज तिचा नेहमीचा. हैबतीचा आवाज मात्र खाली, जरा घोगरा. मी आत दाढी करतोय आणि बाहेर माझी बायको घोगऱ्या आवाजात स्वतःलाच म्हणतीये, "तू न्हाई आलीस तर म्हसरं बी पाण्याला जात न्हाईत." ब्लेड लागलंय मला एकदोनदा.

मग मला उभं करायची. "जरा दारात उभे राहा. हात वर चौकटीला. नाही, तसा नाही... राहू दे." त्या 'राहू दे'चा अर्थ मला कळायचा. हैबतीचा हात चौकटीला छान पोचत असणार.

आणि एक गोष्ट. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ती मला 'अहो' म्हणते. तुम्ही जेवलात का, तुम्ही कुठे ठेवली किल्ली. माझी त्याबद्दल कधी तक्रार नव्हती, आमच्याकडे तशीच रीत आहे. पण इरा हैबतीला पहिल्याच भेटीत 'तू' म्हणाली. मी तो भाग बसमध्ये वाचला आणि पिरंगुट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. हसाल तुम्ही. हसा. मी एका न झालेल्या माणसावर जळत होतो, ते सुद्धा एका शब्दावरून.

कादंबरी मात्र उचलली लोकांनी. आमच्या स्टोअरमधल्या एक मॅडम नियमित वाचायच्या. एकदा बसमध्ये मागून पुढे आल्या आणि विचारलं, "सर, हैबती मॅडमनी तुमच्यावरून घेतलाय का हो?" मी काही बोलायच्या आत माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्वतःच म्हणाल्या, "नाही ना."

त्यातून सगळ्यात वाईट काय, तर गोष्टीतला मुख्य नियम मीच सुचवला होता. जेवताना ती म्हणाली, "अडलंय माझं. इरा तिथे जाते आणि लगेच परत येते. एवढ्यात प्रेम कसं होईल?" मी भाकरी मोडता मोडता बोलून गेलो, "मग तिथला काळ लांबव. इथे तासभर, तिथे महिना-दीड महिना. सोपं आहे." तिने ताटावरून उठून मला हात न लावता मिठी मारल्यासारखं केलं — हात खरकटे होते — आणि आत पळाली लिहायला. जेवण अर्धं राहिलं तिचं.

उन्हाळा लागला, पाणी उतरायला लागलं, तशी ती स्कूटी घेऊन धरणाच्या मागच्या बाजूला जायला लागली. "जागा डोळ्यांसमोर असली की लिहिता येतं." तिथे रस्त्यापासून खाली एक उतार आहे, बाजूला करवंदीच्या जाळ्या, आणि पाणी हटलं की जुन्या जोत्याचे दगड आणि दोन-तीन पायऱ्या उघड्या पडतात. परत आली की चेहरा असा व्हायचा... कसा सांगू. माहेरी जाऊन आलेल्या बाईचा असतो ना, तसा. मी विचारायचो, "कोण भेटलं?" ती म्हणायची, "कोण भेटणार? दगड आहेत नुसते." पण त्या दिवशीचा भाग फार चांगला उतरायचा. मला ते आवडायचं नाही.

मे महिन्यात माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. बहीण पौडला असते. लग्नाआधी मी प्रज्ञाच्या केसांना रंग लावून दिला. तिचे केस लवकर पिकलेत आणि मागच्या बाजूला तिचा हात पोचत नाही, त्यामुळे ते काम कायम माझ्याकडे. माझा हात चांगला आहे. एक पांढरा केस सुटू देत नाही, मुळापासून लावतो. मग मेहंदी झाली. तिच्या हातांवर इतकी रंगली की बायका चिडवत होत्या, नवऱ्याचं फार प्रेम दिसतंय. लग्न शनिवारी पार पडलं.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "मी जरा पाण्यावर जाऊन येते. शेवटचे काही भाग राहिलेत."

मी म्हटलं, "मी पण येतो."

"तुम्ही काय करणार तिथे?"

"बसेन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला कळलं मी का येतोय. "चला मग," म्हणाली. येताना पौडला जाऊन ताईचे दागिने परत द्यायचे असं ठरवून आम्ही मोटारसायकलवर निघालो.

त्या उताराच्या वर, रस्त्याला लागून, एक मावशी झापाखाली चहा आणि करवंदं विकतात. धनगराच्या आहेत, मागे शेरडं बांधलेली असतात. मी तिथे बाकड्यावर बसलो. प्रज्ञा उताराने खाली गेली. निळा कुर्ता होता, सकाळी मीच इस्त्री करून दिला होता. ती पायऱ्यांपर्यंत गेलेली मला दिसली. तिने एकदा मागे वळून हात केला आणि जोत्याच्या पलीकडे, भिंतीचा एक तुकडा उभा आहे त्याच्या आडोशाला बसली. डोक्यावरची ओढणी तेवढी दिसत होती. मग तीही दिसेना. मला वाटलं, खाली सरकली असेल सावलीत.

मावशी म्हणाल्या, "बाई कुटं गेल्या उन्हाच्या?"

"हाय की खाली. गोष्टी लिहिती ती."

"तितं बसून?"

"व्हय."

"मागं बी येत हुत्या. एकल्याच बोलत बसत्यात. म्या म्हनलं, फोनवर बोलत असतील." त्यांनी चहा गाळला. "तुमी का न्हाई गेला खाली?"

मी म्हटलं, "तिला एकटीला लागतं."

"मंग आला कशाला?" मावशी हसल्या. मी चहा हातात घेतला.

चहा झाला. गावाकडची लग्नं, शेरडांचे आजार, पुण्याच्या पोरांनी टाकलेल्या बाटल्या, असं सगळं बोलून झालं. तासभर गेला असेल, फार नाही. शेवटी मी उठलो, तेवढ्यात ती चढावरून येताना दिसली.

चाल वेगळी होती. पहिली गोष्ट ती. प्रज्ञा उताराला-चढाला नेहमी जपून, बाजूने पाय टाकत चालते. ही सरळ वर आली, चप्पल हातात, दगडावरून दगडावर, न बघता. दोनदा थांबली. दोन्ही वेळा मागे वळून पाण्याकडे पाहिलं. मग मला पाहिलं आणि धावतच आली. आली ती माझ्या दोन्ही गालांना हात लावून उभी राहिली — रस्त्यावर, मावशींच्या समोर — आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

म्हणाली, "लई येळ बसावं लागलं का रं तुला? वाट बगत बसलास?"

पिंपरीची बाई. आमच्या गावच्या बोलीत एक वाक्य तिला धड बोलता येत नाही, बोलली तर माझी बहीण पोट धरून हसते. आणि मला 'तू'. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. हात काढून घेतले. "म्हणजे... तुम्हाला फार वेळ बसावं लागलं का?"

मी त्या हातांकडे बघत होतो. मेहंदी नव्हती. पुसट झालेली नव्हे, नव्हतीच. नखं वाढलेली, एक तुटलेलं. मनगटं उन्हाने रापलेली. मग मी तिच्या भांगाकडे पाहिलं. मी स्वतः, माझ्या हाताने, लग्नाआधी मुळापासून काळा केलेला भांग — त्यात दोन्ही बाजूंनी पांढरी मुळं वर आली होती. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. केस एका दिवसात पांढरा होत असेलही, मला माहीत नाही. पण तो एका तासात वाढत नाही.

कुर्त्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. आणि त्यावर घडीच्या रेघा होत्या. घडी घालून बरेच दिवस कुठेतरी ठेवला असावा आणि आज काढून घातला असावा, अशा आडव्या-उभ्या रेघा. सकाळी मी इस्त्री केली तेव्हा त्या नव्हत्या.

मावशींनी तिला पाणी दिलं. ती उकिडवी बसून, तांब्या वर धरून गटागटा प्यायली. मावशी म्हणाल्या, "ऊन लागलं वाटतं बाईस्नी. घरी न्या." मी गाडी काढली.

वाटेत ती मागे बसून माझ्या पाठीला डोकं टेकून होती. आनंदात होती की दुःखात, मला आरशात दिसत नव्हतं. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं — दीड महिना. दीड महिना ही कुठे होती, आणि कोणाकडे.

पौडला ताईने दार उघडलं आणि पहिलंच बोलली, "अगं बया! मेहंदी कुटं गेली तुजी? काल तर काळीभोर हुती!"

प्रज्ञाने हात ओढणीखाली घेतले. "भांडी घासली ना..."

"भांडी घासून जाती व्हय मेहंदी? माज्या पोरीची बग की." ताई जवळ आली, तिच्या डोक्याकडे बघून माझ्याकडे वळली. "आणि तू रंग लावलावता ना रं हिला? का लग्नात वाचवलास?"

म्हणजे माझे एकट्याचे डोळे चुकले असं नाही. ताई आजही विचारते, कुठल्या कंपनीचा रंग आणला होतास तो.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "कोण होता तिथे?"

"कुठे?"

"प्रज्ञा, मी वेडा नाही."

ती भिंतीला टेकून बसली. तुटलेलं नख अंगठ्याने चाचपलं. "मी पायरीवर बसले होते. पुढच्या भागाचा विचार करत होते. त्यात गुंतले. एवढंच मला सांगता येईल."

"आणि हे केस?"

"मला नाही माहीत."

"तो होता?"

तिने मान वर केली. चिडली होती, पण नुसती चिडली नव्हती. "तुम्ही सगळं वाचताच ना माझं? मग वाचा. सगळं येणार आहे त्यात."

तुम्हाला कल्पना येतेय का मी काय सांगतोय? माझ्या बायकोचा दीड महिना कुठे गेला हे मला ॲपवर, दिवसाआड, बाकीच्या वाचकांबरोबर रांगेत उभं राहून वाचायचं होतं. मी बसमध्ये नवीन भाग उघडायचो, तर माझ्या आधी कोणीतरी खाली बदाम टाकून गेलेलं असायचं. 'हैबतीसारखा नवरा मिळावा.' 'ताई, इराला परत आणू नका प्लीज.' मी त्या बायांची नावं लक्षात ठेवायला लागलो होतो.

आणि ते भाग फार सुंदर होते. ते मला कबूल करावंच लागेल. इरा जात्यावर बसते, पहिल्यांदा हाताला फोड येतात. इरा आपले कपडे घडी घालून एका पेटीत ठेवते आणि तिथलं लुगडं नेसते. हैबती तिला अनवाणी चालायला शिकवतो — दगडाकडे बघायचं नाही, पायाला कळतं म्हणतो. मी वाचायचो आणि मला तिची ती चढावरची चाल दिसायची.

मी काही डॉक्टर वगैरे गाठला का? हो. केसांच्या डॉक्टरला विचारलं, फोटो दाखवले. ते म्हणाले, रंग नीट लागला नसेल. मी म्हटलं, मी लावला होता. ते हसले.

मग एक दिवस मी रजा टाकली आणि तिला न सांगता एकटा पाण्यावर गेलो. काय करणार होतो, विचारू नका. मारामारी करायची तयारी होती बहुतेक. खाली उतरलो, त्या पायरीवर बसलो. भेगा पडलेला गाळ, खेकड्यांची बिळं, दोन बगळे. तासभर ऊन खाल्लं. काहीही झालं नाही. शेवटी उठून, वेड्यासारखं, भिंतीच्या त्या तुकड्याकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "हैबती!"

वरून मावशींचा आवाज आला. "कुणाला हाका मारताय?"

मी वर गेलो. विचारलं, "मावशी, हैबती म्हणून कोणी होतं का हो हिकडं? पूर्वी, धरणाच्या आधी?"

त्या म्हणाल्या, "निम्म्या घरांत हैबती हुते. तुमाला त्यातला कुटला पायजे?"

निमूट चहा पिऊन घरी आलो.

शेवटून दुसऱ्या भागात मी स्वतः आलो. म्हणजे नावाने नाही. आतापर्यंत इरा बिनलग्नाची होती. एकदम त्या भागात ती हैबतीला सांगते, माझ्या घरी एक माणूस आहे. वाचकांनी खाली गोंधळ घातला — हे आधी का नाही सांगितलं, हे फसवणं झालं. हैबती विचारतो, "काय करतो त्यो?" इरा म्हणते, "मोजतो. दिवसभर मोजतो. पण माझ्या केसांना रंग लावताना कानाला डाग पडू नये म्हणून कान बोटाने दुमडून धरतो, आणि लावून झालं तरी थोडा वेळ तसाच धरून ठेवतो." हैबती हातातली काठी खाली ठेवतो. मग म्हणतो, "चांगला हाय मंग. जा तू."

शेवटच्या भागात ती परत येते. तो पायरीपर्यंत सोडायला येतो आणि हसत निरोप देतो. केवढं मोठं मन, केवढा त्याग! स्टोअरच्या मॅडम दोन दिवस डोळे पुसत होत्या.

मी संध्याकाळी घरी येऊन विचारलं, "इरा परत का आली?"

"त्याने पाठवली."

"आणि नसती पाठवली तर?"

प्रज्ञा वरण ढवळत होती. ढवळायची थांबली. तिला खोटं बोलता आलं असतं, मला चाललं असतं. म्हणाली, "मला नाही माहीत."

पावसाळ्यात धरण भरलं. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसा मी रोज पाणी किती चढलं ते बघायचो. पायऱ्या गेल्या, भिंत गेली, मग तो सगळा उतार पाण्याखाली गेला आणि मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. बुडालेल्या माणसाला पुन्हा बुडवून आनंद होतो का कुणाला? मला झाला.

यंदाचा उन्हाळा आलाय. पाणी परत उतरलंय, दगड दिसायला लागलेत. प्रज्ञा तिकडे फिरकलेली नाही. वाचक दुसरा खंड मागतात, ती उत्तर देत नाही. सध्या ती बँकेतल्या चोरीची गोष्ट लिहितेय. त्यात प्रेमबिम काही नाही. तरी मी प्रत्येक भाग नीट तपासतो.

या सगळ्याला माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. ताईने पाहिलं, मी पाहिलं, मावशींनी पाहिलं. मनाचे खेळ म्हणाल, तर मनाने केस वाढतात का? आणि ती खरंच गेली होती म्हणाल, तर कुठे, कशी — हे मला माझ्या वडिलांसमोर बसून सांगता येणार नाही. ते असते तर त्यांनी मला त्या पायरीवर नेऊन बसवलं असतं. मी बसून आलोय. काही दिसलं नाही.

फक्त मागच्या रविवारचं सांगतो आणि थांबतो. सकाळी पडवीत मेथी निवडत होतो दोघं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं कधी माझी आठवण यायची का गं?" मी 'तिथं' म्हटलं, हे मलाच उशिरा कळलं. नेहमी ती लगेच म्हणते, मी कुठे गेलेच नव्हते. या वेळी म्हणाली नाही.

"यायची ना. रोज यायची. आणि रोज मी तुमचं काहीतरी सांगत बसायचे, तुम्ही असे करता, तुम्ही तसे म्हणता. मग तो गप्प व्हायचा. एकदोनदा तर भाकरी टाकून उठून गेला."

"का?"

"का म्हणजे काय? जळायचा तुमच्यावर."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. तिच्या कादंबरीचा प्रत्येक भाग मी दोन-दोनदा वाचलाय. त्यातला हैबती कधी रुसत नाही, कधी चिडत नाही, भाकरी टाकून तर मुळीच उठत नाही.

मी विचारलं, "हे कुठल्या भागात आहे?"

"हे कुठे लिहिलंय मी?" ती म्हणाली, आणि पुढची जुडी ओढून घेतली.